संभाजीनगर ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमानाला तास किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझी बहीण न्यूजर्सीत एडिसनला राहते. आईला आम्ही तीनदा तिकडं पाठवलं, एकदा मी पण गेलो, आणि तेव्हापासून कॉलनीतले लोक, जालना-परभणीचे पाहुणे, शाळेतले जुने मित्र असे कोण ना कोण फोन करून तेच ते प्रश्न विचारतात. बऱ्याच जणांचे आई-वडील पहिल्यांदाच विमानात बसणार असतात, तेही एकटे, त्यामुळं काळजी असते आणि ती खरीच असते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्याला जेवढं पाहिजे तेवढं वाचा, पण तारखेचा प्रश्न (प्रश्न १०) कुणीच सोडू नका.

१. संभाजीनगर ते न्यूयॉर्क अंतर नेमकं किती किलोमीटर आहे?

पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळच्या वाटेनं मोजलं तर साधारण १२,५७० किमी. मुंबईपासून मोजलं तर १२,५३० च्या आसपास. म्हणजे बघा, आपण सव्वातीनशे-साडेतीनशे किमी रस्त्यानं जाऊन मुंबई गाठतो आणि न्यूयॉर्क तेवढ्यानं फक्त ४० किमी जवळ येतं, कारण न्यूयॉर्कची जवळची वाट आपल्याकडून उत्तर-वायव्येला निघते आणि मुंबई तर आपल्या पश्चिमेला, थोडी दक्षिणेकडंच आहे. मला हे कळलं तेव्हा खूप नवल वाटलं होतं.

अंदाज यावा म्हणून सांगतो, एवढं अंतर म्हणजे संभाजीनगरहून पुण्याला सव्वीस-सत्तावीस वेळा जाऊन येणं. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी आहे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला थोडं कमी.

२. एका साइटवर ७,८०० लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी १२,५०० आणि तिसऱ्या ठिकाणी १३,००० च्या पुढं. खरं कोणतं?

बहुतेक तिन्ही खरे असतात. ७,८०० हा आकडा मैलात आहे (एक मैल म्हणजे १.६ किमी), १२,५०० हा तोच आकडा किलोमीटरमधे, आणि १३,००० च्या पुढचा आकडा विमान प्रत्यक्षात जेवढं उडालं किंवा मधे दुबई-दोहा करत गेलं त्याचा. विमान कधीच आखल्यासारखं सरळ जात नाही, वारा बघतं, कुठल्या देशाचं आकाश बंद आहे ते बघतं, वादळ टाळतं. त्यामुळं दोन-चारशे किमी इकडंतिकडं झाले तर त्यात काळजीचं काही नाही.

३. चिकलठाण्याहून (म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून) अमेरिकेला थेट विमान आहे का?

नाही. चिकलठाण्याहून मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर अशी देशातली विमानं मिळतात, तीही सीझनप्रमाणं कमीजास्त होतात, वेळा बदलतात. पुढचं मोठं विमान त्या मोठ्या शहरांतूनच पकडावं लागतं.

४. मग विमानात एकूण बसायचे तास किती?

मुंबईहून मधे न थांबणारं विमान असेल तर जाताना साधारण साडेपंधरा ते सोळा तास, येताना चौदा-सव्वाचौदा. हा फरक का पडतो ते प्रश्न ६ मधे आहे. दुबईवरून गेलात तर मुंबई-दुबई सव्वातीन तास आणि दुबई-न्यूयॉर्क चौदा तासांच्या आसपास, म्हणजे बसायचे तास सतरा-सव्वासतरा आणि मधला थांबा वेगळा.

तिकिटावर जो वेळ लिहितात तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो. त्यात विमान धावपट्टीकडं हळूहळू जातं, लाइनीत उभं राहतं, उतरल्यावर गेटला लागतं, ते सगळं धरलेलं असतं. हवेतला खरा वेळ त्यापेक्षा अर्धा-पाऊण तास कमी भरतो. म्हणून विमान अर्धा तास उशिरा निघून पण कधीकधी वेळेवर पोहोचतं.

आणि हो, विना-थांबा विमानं सुरू होतात, बंद होतात, परत सुरू होतात. मागच्या वर्षी शेजारी गेले होते म्हणून यंदा तेच विमान असेलच असं धरू नका, तुमच्या तारखेला काय चालू आहे ते बघूनच बोला.

५. ते कळलं हो, पण घरातून निघाल्यापासून पोरीच्या दारात पोहोचेपर्यंत किती तास?

खरा प्रश्न हाच आहे आणि लोक हाच सगळ्यात शेवटी विचारतात. संभाजीनगरहून गाडीनं मुंबई विमानतळ सहा तास धरा. चार तास आधी पोहोचलात, ते चार. विमान सोळा तास. तिकडं उतरल्यावर इमिग्रेशनची (पासपोर्ट-व्हिसा तपासणीची) लाइन, बॅगा, हे दीड-दोन तास. मग विमानतळाहून घर एक-दीड तास. झाले की एकोणतीस-तीस तास. दुबईवरून गेलात तर मधल्या थांब्यासकट तेहेतीस-चौतीस. परभणी, हिंगोली, बीडहून निघणाऱ्यांनी यात अजून तीन-चार तास टाकायचे.

एडिसनसारख्या न्यूजर्सीतल्या गावांना नेवार्क विमानतळ जवळ पडतं, जेएफके हे न्यूयॉर्कचं विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मधे ट्रॅफिक भयंकर. हवेतलं अंतर दोघांचं जवळजवळ सारखंच, पण उतरल्यावरचा तास वाचतो. तिकीट काढायच्या आधी तिकडं घ्यायला कोण येणार आहे त्याला विचारा.

६. जाताना सोळा तास आणि येताना चौदा, वाट तीच ना? मग दोन तास कुठं गेले?

वाऱ्यामुळं. आपण जमिनीवर जो वारा बघतो तो नाही, दहा-बारा किमी उंचीवर जिथं ही विमानं उडतात तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किमी तर सहज, हिवाळ्यात त्याहून जास्त. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीवर. बैलगाडीत असो का विमानात, पाठीवरचा वारा कधीही बरा.

या वाऱ्याची ताकद केवढी बघा, फेब्रुवारी २०२० मधे वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं, जिथं एरवी साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी जातानाचा वेळ थोडा जास्तच धरावा.

७. पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते. मग पश्चिमेला उडालेलं विमान लवकर पोहोचायला पाहिजे, न्यूयॉर्क स्वतःच आपल्याकडं येतंय की!

हा प्रश्न माझ्या आठवीतल्या पुतण्यानं विचारला आणि त्यानंतर चार मोठ्या माणसांनी पण विचारला. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५७० किमी वेगानं पूर्वेला फिरते हे खरं आहे. पण नुसती जमीन फिरत नाही, तिच्यावरची हवा पण तिच्यासोबतच फिरते, आणि विमान हवेत उडतं. चालत्या देवगिरी एक्सप्रेसमधे तुम्ही डब्यात उडी मारली तर मागच्या डब्यात जाऊन पडता का? नाही ना, जिथं होता तिथंच उतरता. तसंच आहे हे. जो काही फरक पडतो तो प्रश्न ६ मधल्या वाऱ्याचा.

८. अमेरिका पश्चिमेला आहे, मग सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान वर आइसलँडकडं जाताना कामून दिसतं? वाट चुकली का वाटलं.

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल, सगळा घोळ तिथं आहे. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा अरबी समुद्र-आफ्रिका असा आडवा जात नाही, तो वर सरकतो, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे-स्वीडन करत आइसलँडजवळून जातो आणि मग खाली कॅनडाकडून न्यूयॉर्कला उतरतो. हीच सगळ्यात जवळची वाट, ती ६४-६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. पृथ्वीगोल नसेल तर नारळावर करून बघा, मी आईला असंच दाखवलं होतं, आणि मग ती विमानात शेजारच्या बाईला समजावून सांगत होती.

प्रत्यक्षात विमान अगदी या दोऱ्यावरून जाईलच असं नाही, का ते प्रश्न १३ मधे.

९. दुबई, दोहावरून गेलं की लई फेरा पडतो मनतात, खरं हाय का?

अंतराचा फेरा नाही पडत, थांब्याचा पडतो. आकडेच बघा, मुंबई-दुबई साधारण १,९३० किमी, दुबई-न्यूयॉर्क ११,०२०, मिळून १२,९५०. थेट १२,५३०. फरक फक्त चारशे किमीचा, म्हणजे विमानाचा अर्धा तास. लंडनवरून तर अजून कमी, मुंबई-लंडन ७,२०० आणि पुढं ५,५५० असं १२,७५०. कारण दुबई काय आणि लंडन काय, दोन्ही प्रश्न ८ मधल्या त्या दोऱ्यापासून फार लांब नाहीत.

वेळ जातो तो थांब्यात. दीड तासाचा थांबा असलेलं तिकीट स्वस्त दिसतं पण वयस्कर माणसांसाठी ते घेऊ नका, मोठ्या विमानतळावर एका गेटहून दुसऱ्या गेटला जायलाच पाऊण तास लागतो, मधे परत सिक्युरिटी असते. तीन-चार तासांचा थांबा मला सगळ्यात बरा वाटतो. पाय मोकळे होतात, चहा होतो, धावपळ नाही. आठ-दहा तासांचा मात्र नको, खुर्चीत बसून माणूस आंबून जातं.

एक वेगळी गोष्ट, अबू धाबीवरून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच होतं, न्यूयॉर्कला उतरल्यावर देशातल्या विमानातून उतरल्यासारखं बाहेर पडायचं. तो वेळ मात्र अबू धाबीच्या थांब्यात धरावा लागतो.

१०. तिकिटावर १५ तारीख, पहाटे १:३० लिहिलंय. घरून कधी निघायचं?

१४ तारखेला. परत लिहितो, १४ तारखेला सकाळी किंवा फार तर दुपारी घरून निघायचं, रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर, आणि रात्री बारा वाजले की १५ तारीख लागली, मग दीड वाजता विमान.

अमेरिका-युरोपची खूप विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतरच निघतात, त्यामुळं ही चूक फार होते. आमच्याच नात्यातल्या एक मावशी आणि काका १५ तारखेचं तिकीट म्हणून १५ ला दुपारी जेवण करून, देवाला नमस्कार करून, ओवाळून घेऊन निघाले. रात्री काउंटरवर गेले तेव्हा विमान वीस तास आधीच गेलेलं होतं. मावशी विमानतळाच्या बाकावर बसून रडत होत्या, नवीन तिकिटाला केवढे तरी पैसे गेले, आणि नातीचा वाढदिवस हुकला तो हुकलाच. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही म्हणून ज्याला त्याला हे सांगतो. कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला गोल करू नका, घरून निघायच्या तारखेला करा, आणि शेजारी "रात्र" असं लिहा.

चिकलठाण्याहून मुंबईचं विमान घेणार असाल तर तेही १४ चंच पाहिजे.

११. १५ ला पहाटे निघून १५ लाच सकाळी पोहोचतो असं तिकिटावर आहे. सोळा तास गेले कुठं?

घड्याळातच गेले. न्यूयॉर्क आपल्या मागं आहे, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. हिशोब असा करायचा: निघायची वेळ पहाटे १:३०, त्यात सोळा तास मिळवा, आपल्याकडं संध्याकाळचे ५:३० झाले. त्यातून साडेदहा तास वजा करा, सकाळचे ७:००, तारीख तीच. उन्हाळ्यात साडेनऊ वजा, मग सकाळचे ८:००.

येताना उलटं, तिथं वजा केलेलं इथं परत भरावं लागतं. समजा जानेवारीत न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघाले, तेव्हा आपल्याकडं रात्रीचे १०:३०, त्यात सव्वाचौदा तास, दुसऱ्या दिवशी दुपारी १२:४५ ला मुंबई. म्हणून परतीच्या तिकिटावर वेळेशेजारी अधिक एक असं बारीक लिहिलेलं असतं. तो आकडा बघूनच मुंबईला घ्यायला जायची गाडी सांगा.

१२. हे साडेनऊ आणि साडेदहा कधी बदलतं?

तिकडं वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं. आपण काही सरकवत नाही. त्यामुळं मार्च ते नोव्हेंबर फरक साडेनऊ तास, बाकी साडेदहा. याच सुमाराला विमानाच्या वेळा पण बदलतात, तेव्हा सहा महिने आधी काढलेलं तिकीट असेल तर आदल्या आठवड्यात परत एकदा वेळ बघा.

१३. मधे ऐकलं की आकाश बंद केलं म्हणून विमानं लांबून जातात. त्याचा आपल्याला किती फरक पडतो?

पडतो, आणि कोणत्या कंपनीचं विमान आहे त्याच्यावर पडतो. एप्रिल २०२५ मधे पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना त्याचा जास्त फटका बसला, अमेरिकेच्या काही विमानांना मधे व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईची विमानं अरबी समुद्रावरून निघू शकतात म्हणून त्यांना त्यामानानं कमी त्रास. बाहेरच्या देशांच्या कंपन्यांना ती बंदी नव्हती. याआधी २०१९ मधे पण फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं.

रशियाचं उलटं आहे. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून अमेरिकेच्या आणि युरोपच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. आणि जून २०२५ मधे इराण-इस्रायल लढाईत आखातातलं आकाश काही वेळ बंद झालं तेव्हा दोहा-दुबईवाले पण अडकले. म्हणजे अमुक वाट कायमची सुरक्षित असं कुणीच सांगू शकत नाही. निघायच्या आठवड्यात बातम्या बघा, आणि कंपनीचा मेसेज येईल तो मोबाइल नंबर तिकिटात बरोबर टाकलाय ना तेवढं तपासा. एजंटनं स्वतःचा नंबर टाकलेला असतो बऱ्याचदा.

१४. मुंबईहून जावं, दिल्लीहून का हैदराबादहून? आम्ही नांदेडला राहतो.

संभाजीनगर-जालनावाल्यांना अंतरात मुंबई आणि दिल्ली सारखेच. संभाजीनगर-दिल्ली हवेत ९८० किमी आणि दिल्ली-न्यूयॉर्क ११,७५०, मिळून १२,७३० होतात. मुंबईवरून २८० आणि १२,५३०, म्हणजे १२,८१०. ऐंशी किमीसाठी कुणी डोकं लावू नये. मुंबईला फायदा एकच पण मोठा, विमान चुकलं, रद्द झालं, तर गाडीनं, रेल्वेनं पोहोचता येतं, दिल्लीला ते नाही. आईला मी मुंबईहूनच पाठवतो.

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूरवाल्यांनी मात्र हैदराबादचा विचार जरूर करावा. रस्त्यानं पावणेतीनशे-तीनशे किमी, मुंबई त्याच्या जवळपास दुप्पट. न्यूयॉर्क हैदराबादहून १३,००० किमीच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईपेक्षा चारशे-साडेचारशे जास्त, पण तो विमानाचा अर्धा तास आहे आणि रस्त्याचे पाच-सहा तास वाचतात. तिथून दुबई, दोहा, अबू धाबी, लंडन, फ्रँकफर्ट अशी विमानं मिळतात. धाराशिवकडच्यांना सोलापूर-पुणे रस्ता सवयीचा, म्हणून ते मुंबईच धरतात, तेही ठीक.

१५. समृद्धीनं आता चार तासांत मुंबई होते म्हणे. मग विमानाच्या सात तास आधी निघालं तर चालेल का?

नका करू असं. समृद्धी जून २०२५ मधे शेवटपर्यंत सुरू झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किमी, आणि इगतपुरीचा घाट वाचला हे फार मोठं काम झालं. पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो, विमानतळावर नाही. तिथून पुढं भिवंडी-ठाणे-अंधेरी हा पट्टा कधी सव्वा तासात होतो आणि कधी पाऊस, अपघात, गणपती असलं काही असेल तर तीन तास. विमान कंपनीचा काउंटर साधारण निघायच्या एक तास आधी बंद होतो आणि एकदा बंद झाला की कितीही विनवण्या करा, काही होत नाही. मी तर विमानाच्या बारा तास आधी घर सोडायला सांगतो. सहा तास रस्ता, चार तास विमानतळ, दोन तास हातात. वाटेत पंक्चर झालं तरी आईच्या तोंडचं पाणी पळायला नको.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंत जाऊ नये, ठाणे किंवा दादरला उतरून टॅक्सी करावी. आणि शेवटची शक्य ती गाडी कधीच धरू नका, त्याच्या आधीची धरा. वय जास्त असेल तर सरळ आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकाकडं मुक्काम, मला तेच सगळ्यात पटतं.

१६. चिकलठाणा-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं तर स्वस्त पडतंय. काढू का?

स्वस्त पडतं पण जबाबदारी तुमची होते. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल आणि पहिलं विमान लेट झाल्यामुळं पुढचं चुकलं तर कंपनी पुढच्या विमानात बसवते, बॅग पण बहुतेक वेळा थेट पुढं जाते. वेगवेगळी तिकिटं असतील तर पुढच्या कंपनीला तुमच्या लेट झाल्याशी काही देणंघेणं नाही, तिच्या दृष्टीनं तुम्ही आलाच नाहीत. वेगळं काढायचंच असेल तर मधे सात-आठ तास तरी ठेवा.

१७. मुंबईत उतरल्यावर दुसरं टर्मिनल कसं गाठायचं?

आधी तिकिटावर विमानतळ कोणतं ते नीट बघा, कारण आता मुंबईला दोन आहेत. जुनं (तिकिटावर BOM लिहितात) आणि नवी मुंबईचं (तिकिटावर NMI), जे डिसेंबर २०२५ मधे सुरू झालं. चिकलठाण्याहून नवी मुंबईला उतरलात आणि पुढचं विमान जुन्या विमानतळावरून असेल तर मधे खाडी आणि सगळ्या शहराचं ट्रॅफिक आहे. जुन्या विमानतळावर पण टर्मिनल १ आणि २ वेगळ्या ठिकाणी आहेत, एकातून दुसऱ्यात जायला बाहेरच्या रस्त्यानं गाडीनं जावं लागतं. परदेशी जाणारी विमानं टर्मिनल २ ला. हे आई-बाबांच्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या.

१८. आमचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे, पुतण्या डॅलसला. तिथलं अंतर?

मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,५०० किमी, मुंबई-डॅलस १४,१००. न्यूयॉर्कला उतरून पुढं जाणार असाल तर लक्षात ठेवा, अबू धाबीवरून गेलात (प्रश्न ९) ते सोडलं तर अमेरिकेत ज्या पहिल्या गावात उतराल तिथंच इमिग्रेशन होतं आणि बॅगा पण तिथंच उचलून परत द्याव्या लागतात, म्हणून पुढचं विमान तीन तासांनंतरचं तरी घ्या. कॅलिफोर्नियाचा घड्याळाचा फरक साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा.

सॅन फ्रान्सिस्कोची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेला, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. त्या वाटेनं अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, तरी वेळ कमी झाला, साडेचौदा तास, कारण सगळा वारा पाठीवर (प्रश्न ६ बघा). म्हणजे अंतर जास्त तर वेळ जास्त असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

१९. आईला गुडघेदुखी आहे, वय ६८. सोळा तास बसू शकेल का?

माझ्या आईचं वय पहिल्या वेळी ६६ होतं आणि शुगर पण आहे. बसू शकतात, पण सलग बसायचं नाही. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, चालता येत असलं तरी. आत आइल सीट (मधल्या वाटेकडची) घ्या, खिडकीचा मोह नको, दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं, पोटऱ्या हलवायच्या, पाणी प्यायचं. लघवीला उठावं लागेल म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत, हे फार चुकीचं आहे, लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती त्यानं वाढते. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. आणि शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन कोणत्या घड्याळानं घ्यायचं ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्या.

२०. सोबत डबा काय द्यावा? एवढ्या तासांत टिकेल का?

तीस-चौतीस तास टिकायला पाहिजेत (प्रश्न ५), तर धपाटे आणि दशम्या सगळ्यात भरवशाच्या, वर शेंगदाण्याची कोरडी चटणी. दही, लोणचं, तेलातला ठेचा हातातल्या बॅगेत नको, १०० मिलीच्या वरचं पातळ सिक्युरिटीत काढून घेतात. उरलेलं खाणं अमेरिकेत उतरताना फॉर्मवर किंवा विचारल्यावर "आहे" म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. केशर आंब्याचा सीझन असला तरी ताजी फळं नेऊ नका, ती काढूनच घेतात.

२१. विमान कुठपर्यंत गेलं ते घरी बसून कळतं का?

कळतं. तिकिटावरचा विमानाचा नंबर फ्लाइटरडारसारख्या ॲपमधे टाका, नकाशावर पिवळं विमान सरकताना दिसतं. समुद्रावर गेलं की कधीकधी ते थांबल्यासारखं किंवा तुटक रेघेवर दिसतं, तिथं जमिनीवरचे रिसिव्हर नसतात म्हणून ॲप अंदाजानं दाखवतं. पहिल्या वेळी आईचं विमान असंच अटलांटिकवर थांबलेलं दिसलं आणि बाबा रात्रभर झोपले नाहीत. तसं दिसलं तर घाबरू नका, कॅनडाचा किनारा आला की परत चालू होतं. आणि उतरलं असं दाखवल्यावर लगेच फोन येत नाही, लाइन, बॅगा, तिकडचं वायफाय, यात दीड-दोन तास जातात. तोपर्यंत आईला सारखे फोन लावू नका, न्यायला गेलेल्या माणसाला लावा.